चीनला निघालेले काझी : इब्न बतूता



इब्न बतूता हे नाव आपणांस अपरिचित नाही. मोठे प्रवासी म्हणून त्यांचा उल्लेख इतिहासाच्या पुस्तकांत येतो, एखादे चित्र असते, खाली चार ओळी असतात आणि पान उलटले जाते. परंतु हेच गृहस्थ दिल्लीच्या सुलतानाचे राजदूत म्हणून चीनच्या बादशहाकडे निघाले होते; त्या वाटेवर आपल्या दौलताबादेस व नंदुरबारास त्यांचा मुक्काम पडला होता; आणि जी अमानत त्यांच्या हाती सोपवली होती, ती कालिकतच्या किनाऱ्यावर एका रात्रीत समुद्राने गिळली. ही हकिकत आपल्या घरांत फारशी सांगितली जात नाही. ती सांगितली गेली पाहिजे, कारण तिच्यात प्रत्येक जबाबदार माणसाला पडणारा एक प्रश्न आहे. आपल्यावर विश्वासाने सोपवलेले काम आपल्या हातून बुडाले, तर त्यानंतर आपले कर्तव्य कोणते?

त्यांचे पूर्ण नाव अबू अब्दुल्लाह मुहम्मद. जन्म मोरोक्कोतील तंजा शहरात, हिजरी ७०३ च्या रजब महिन्यात, म्हणजे १३०४ च्या फेब्रुवारीत झाला. घराणे काझींचे, मजहब मालिकी. वयाच्या एकविसाव्या वर्षी, जून १३२५ मध्ये, ते हजच्या इराद्याने एकटेच घराबाहेर पडले. सोबतीला काफिला नव्हता, मित्र नव्हता. आई-वडील हयात होते आणि त्यांना सोडून जाताना मन किती जड झाले, हे त्यांनी उतारवयातही विसरून चालवले नाही. हज करून परत यायचे, एवढाच संकल्प होता. अल्लाहने मात्र त्या संकल्पातून चोवीस वर्षांची वाट काढली.

इजिप्तच्या अलेक्झांड्रिया शहरात त्यांना बुरहानुद्दीन नावाचे एक वृद्ध बुजुर्ग भेटले. त्या बुजुर्गांनी या तरुणाच्या डोळ्यांतील प्रवासाची ओढ ओळखली आणि हिंद, सिंध व चीन या तीन देशांतील आपल्या तीन दीनी बंधूंना सलाम पोहोचवण्यास सांगितले. तोपर्यंत त्या तरुणाच्या मनात एवढ्या दूरच्या देशांचा विचारही आलेला नव्हता. पुढे मक्का, मदीना, इराक, इराण, येमेन, पूर्व आफ्रिकेतील मोगादिशू व किल्वा, तुर्कांचा अनातोलिया, मध्य आशिया असे मुलुख ओलांडीत, १ मुहर्रम ७३४ रोजी, म्हणजे सप्टेंबर १३३३ मध्ये, ते सिंधू नदीच्या काठी पोहोचले.

त्या वेळी दिल्लीच्या तख्तावर मुहम्मद बिन तुघलक होता. सिंधूच्या काठावर पाऊल ठेवताक्षणी या परक्या माणसाची खबर दिल्लीला रवाना झाली. कोण आला, कसा दिसतो, सोबत किती माणसे व जनावरे आहेत, हे सारे लिहून पाठवण्याची रीत होती. या टपालाचे वर्णन इब्न बतूता यांनी मोठ्या कुतूहलाने केलेले आहे. एक टपाल घोड्यांचे आणि दुसरे पायी धावणाऱ्यांचे. पायी टपालात मैलाच्या एकतृतीयांश अंतरावर चौकी असे. धावणाऱ्याच्या एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात तांब्याच्या घुंगरांची काठी. घुंगरांचा आवाज कानी पडताच पुढच्या चौकीतला माणूस कंबर कसून उभा राही, पत्र घेई आणि धावू लागे. सिंधहून दिल्लीस सामान्य प्रवाशाला पन्नास दिवस लागत. टपाल पाच दिवसांत जाई. सुलतान दौलताबादेस असे तेव्हा त्याच्या पिण्यासाठी गंगेचे पाणीही, चाळीस दिवसांच्या वाटेवरून, याच पद्धतीने आणले जाई.

ही व्यवस्था ध्यानात ठेवा. हाती दिलेले पत्र पुढच्या हाती जसेच्या तसे देणे, एवढेच त्या धावणाऱ्याचे काम. तो पत्र उघडत नाही, वाटेत टाकून जात नाही आणि आपले अंतर पूर्ण केल्यावाचून थांबत नाही. दूताचे कामही मुळात हेच आहे, केवळ अंतर मोठे असते आणि धोके अधिक असतात.

सुलतान परदेशी विद्वानांचा मान राखत असे. इब्न बतूता यांना त्याने दिल्लीचे काझी नेमले आणि वर्षाला १२,००० दीनार वेतन ठरवले. त्यांनी स्पष्ट सांगितले की, आपण मालिकी, येथील लोक हनफी, शिवाय येथील भाषाही आपल्याला येत नाही. सुलतानाने त्यांच्या मदतीस दोन नायब दिले. परंतु हे वैभव फार महाग होते. सुलतानाला नजराणे द्यायचे, इतमाम राखायचा, म्हणून त्यांच्यावर ५५,००० दीनारांचे कर्ज झाले आणि ते अखेर सुलतानानेच फेडले. माणूस विद्वान असला तरी दरबाराची हवा त्याला लागतेच. त्यांनी ही गोष्ट लपवली नाही, ती स्वतःच नोंदवून ठेवली आहे.

त्या दरबाराची दुसरी बाजू भयंकर होती. जो हात खैरात वाटी तोच हात मृत्युदंडही देई. शेख शिहाबुद्दीन नावाच्या एका बुजुर्गांनी सुलतानाची सेवा नाकारली व त्यास उघड जालीम ठरवले. त्यांचा छळ करून त्यांस ठार करण्यात आले. इब्न बतूता या शेखांना पूर्वी एकदा भेटून आले होते, तेवढ्यावरून त्यांच्यावरही पहारा बसला. ज्यांच्यावर असा पहारा बसे ते बहुधा वाचत नसत. त्या दिवसांत त्यांनी पाच दिवस उपवास केला आणि अल्लाहवरील भरवशाची एक आयत एका दिवसात ३३,००० वेळा पठण केली. शेखांच्या मृत्यूनंतर त्यांची सुटका झाली. बाहेर येताच त्यांनी पद सोडले, जवळचे सारे फकिरांना वाटून टाकले आणि शेख कमालुद्दीन अब्दुल्लाह या विरक्त पुरुषाच्या सहवासात पाच महिने इबादतीत घालवले.

अशा स्थितीत एके दिवशी सुलतानाचे बोलावणे आले. पुन्हा पद स्वीकारण्याचा आग्रह झाला. त्यांनी हजला जाण्याची परवानगी मागितली. काही दिवसांनी सुलतानाने दुसराच हुकूम पाठवला. त्यांना प्रवासाची आवड आहे हे जाणून चीनच्या बादशहाकडे आपला दूत म्हणून जाण्यास सांगितले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून इस्लाममध्ये दूताचे स्थान काय आहे ते पाहू. आपले प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी रोमचा सम्राट हिरक्ल, इराणचा किस्रा, हबशाचा नजाशी आणि इजिप्तचा मुकौकिस यांच्याकडे दूत धाडले. हिरक्लकडे पत्र घेऊन गेले ते हजरत दिहया कलबी (रजि.). शिक्क्यावाचून पत्र राजे स्वीकारीत नाहीत हे समजल्यावर प्रेषितांनी चांदीची अंगठी बनवून घेतली व तिच्यावर नाव कोरवले. परक्यांच्या शिष्टाचाराची एवढी कदर त्यांनी केली. हुदैबियाच्या प्रसंगी हजरत उस्मान (रजि.) यांना त्यांनी मक्केत दूत म्हणून पाठवले. आणि मुसैलमा या खोट्या दावेदाराचे दोन माणसे आली, तेव्हा त्यांच्या तोंडचे बोल असह्य असूनही, दूताला मारले जात नाही या नियमावर त्यांना सुखरूप जाऊ दिले. दूत शत्रूचा असला तरी त्याचा जीव सुरक्षित, हा दंडक मुसलमानांना चौदाशे वर्षांपूर्वीच शिकवला गेला आहे. ज्याला असे संरक्षण मिळते त्याच्यावर तेवढीच मोठी जबाबदारीही येते.

आता त्या दूतकार्याचे कारण पाहू. त्या वेळी चीनवर मंगोलांच्या युआन घराण्याचे राज्य होते व तोगोन तेमूर हा बादशहा होता. त्याच्याकडून पंधरा दूत दिल्लीस आले. त्यांनी शंभर गुलाम, पाचशे वस्त्रे, कस्तुरी, रत्नजडित पोशाख, बाणांचे भाते व तलवारी अशा भेटी आणल्या. त्यांची मागणी अशी की, हिमालयाच्या पायथ्याशी एक मंदिर सुलतानाच्या फौजांनी उद्ध्वस्त केले होते, चीनचे यात्रेकरू तेथे येत असत, ते पुन्हा बांधण्याची परवानगी मिळावी. सुलतानाने शरीअतचा हवाला देऊन उत्तर दिले की, जे जिझिया देण्यास राजी असतील त्यांनाच अशी परवानगी मिळू शकते. उत्तर अटीचे होते, म्हणून सोबतच्या भेटी अधिक भारी ठेवण्यात आल्या: खोगीर-लगामासह शंभर जातिवंत घोडे, शंभर गुलाम, गाण्या-नाचण्यात तरबेज अशा शंभर दासी, तलम सुती व रेशमी कापडाचे तागे, सोन्या-चांदीची भांडी, मोत्यांनी मढवलेले हातमोजे.

या यादीतील माणसांकडे आपले लक्ष गेले असेल. घोडे आणि कापड यांच्या ओळीत माणसे मोजली गेली. दोन्ही दरबार याला सौजन्य मानत होते. ज्या दीनने गुलाम मुक्त करणे हे इतके मोठे पुण्य ठरवले आणि अनेक चुकांचे प्रायश्चित्त म्हणून गुलाममुक्ती सांगितली, त्या दीनचे नाव घेणाऱ्या दरबारातही हे घडत होते. इतिहास वाचताना आपण आपल्या माणसांचे दोष झाकू नयेत. झाकल्याने दीनची इज्जत वाढत नाही. पुढे समुद्राने जे गिळले त्यात या नाव नसलेल्या माणसांचे प्राणही होते, हे स्मरणात असू द्यावे.

१३४१-४२ च्या सुमारास सफर महिन्यात हा काफिला दिल्लीहून निघाला. इब्न बतूता यांच्या जोडीला अमीर जहीरुद्दीन जंजानी हे विद्वान होते, भेटींचा ताबा काफूर नावाच्या सेवकाकडे होता आणि बंदरापर्यंत एक हजार स्वारांचे संरक्षण होते. परंतु अलीगढजवळ, म्हणजे तेव्हाच्या कोल येथे, पोहोचताच लढाईला तोंड लागले. शेजारच्या जलाली गावावर हल्ला झाल्याचे कळून काफिल्याचे स्वार धावले; त्यात काफूर मारला गेला. एका पाठलागात इब्न बतूता साथीदारांपासून तुटले, पकडले गेले, लुबाडले गेले, मृत्यूच्या तोंडातून सुटले आणि अनवाणी, उपाशीपोटी आठ दिवस रानोमाळ भटकले. शेवटी एका अनोळखी माणसाने त्यांना खांद्यावर वाहून वस्तीवर आणले. काफिल्यातील लोकांना हा अपशकुन वाटला व त्यांनी परतण्याचा विचार केला. पण सुलतानाने काफूरच्या जागी सुंबुल नावाचा दुसरा सेवक पाठवला आणि पुढे जाण्याचा हुकूम दिला.

ग्वाल्हेर, चंदेरी, धार, उज्जैन अशी वाट कापीत ते दौलताबादेस आले. देवगिरीच्या त्या बुलंद किल्ल्याने ते थक्क झाले. तेथील तळघरातील कैदखान्यात मांजरांहून मोठे उंदीर असल्याची एका माजी कैद्याने सांगितलेली हकिकतही त्यांनी नोंदवली आहे. शहराचा कारभार सुलतानाचा गुरू कुतलुग खान पाहत होता. तेथील मराठी लोकांचा, जवाहिरांच्या व्यापाराचा, वर्षातून दोनदा येणाऱ्या द्राक्षांचा व डाळिंबांचा त्यांनी उल्लेख केला आहे. गायकांची स्वतंत्र पेठ होती आणि तिच्यातील मशिदींत रमजानमध्ये तरावीह होत असे. पुढे नंदुरबार लागले. तेथील मराठे कुशल कारागीर, वैद्य व ज्योतिषी असल्याचे ते सांगतात. भात, भाजी व तिळाचे तेल हे त्यांचे अन्न, मांस वर्ज्य, जेवणाआधी स्नान, सात पिढ्यांच्या आत लग्न नाही आणि मद्याला स्पर्श नाही. आपल्या भूमीचे हे सातशे वर्षांपूर्वीचे वर्णन एका मोरोक्कन काझीने केले आहे आणि परक्या रीतींकडे पाहताना त्यात तिरस्काराचा सूर नाही. दूताच्या अंगी असायला हवा असा हा मोठा गुण.

खंबायतमार्गे गंधार बंदरात ते जहाजांवर चढले. समुद्रातील चाच्यांपासून रक्षणासाठी जहाजावर पन्नास हबशी लढवय्ये होते. किनाऱ्याने दक्षिणेकडे जाताना गोवा लागले, ज्यास ते सिंदाबूर म्हणतात, आणि मग होनावर आले. होनावरात मुलींच्या तेरा व मुलांच्या तेवीस शाळा त्यांनी पाहिल्या. तेथील स्त्रियांना संपूर्ण कुरआन मुखोद्गत होते. असे दुसरीकडे कुठेच पाहिले नाही, अशी कबुली या जगभर फिरलेल्या माणसाने दिली आहे. आपल्या मुलींच्या शिक्षणाविषयी ज्या घरात आजही वाद होतो, त्या घरात हे दोन आकडे अवश्य वाचून दाखवावेत.

कालिकतला पोहोचले तेव्हा बंदरात तेरा चिनी जहाजे उभी होती. मोठ्या जहाजाला बारा शिडे असत आणि त्यावर सहाशे खलाशी व चारशे सैनिक अशी हजार माणसे मावत. अनुकूल वाऱ्याची वाट पाहत तीन महिने गेले. निघण्याची वेळ आली तेव्हा मोठ्या जहाजावर त्यांना हवी तशी स्वतंत्र खोली मिळाली नाही. चिनी व्यापाऱ्यांनी त्या परतीसाठी आधीच घेतल्या होत्या. म्हणून त्यांनी आपली माणसे व सामान लहान जहाजावर हलवले. सुलतानाच्या भेटी, सुंबुल आणि जहीरुद्दीन मोठ्या जहाजावर गेले. इब्न बतूता स्वतः जुम्याच्या नमाजसाठी किनाऱ्यावर राहिले.

संध्याकाळपर्यंत समुद्र खवळला. जे जहाजावर होते ते उतरू शकेनात, जे किनाऱ्यावर होते ते चढू शकेनात. रात्री वादळाने मोठे जहाज किनाऱ्यावर आपटून फोडले. सकाळी वाळूत प्रेते आली. त्यांत जहीरुद्दीन होते, सुंबुल होता. इब्न बतूता यांनी त्यांची जनाजा नमाज पढून त्यांना दफन केले. लहान जहाजाच्या नाविकांनी मोठ्या जहाजाची गत पाहून शिडे उभारली आणि ते त्यांची माणसे व मालमत्ता घेऊन निघून गेले. त्यांच्यापाशी दहा दीनार आणि अंथरायची एक चटई एवढेच उरले.

किनाऱ्यावर मात्र एक उल्लेखनीय गोष्ट घडत होती. कालिकतचा राजा सामुतिरी स्वतः तेथे आला होता आणि वाहून आलेला माल लुटला जाऊ नये म्हणून त्याचे शिपाई लोकांना हटवत होते. मलबारच्या इतर राज्यांत फुटलेल्या जहाजाचा माल राजा घेई. कालिकतात तो मालकाला परत मिळे. यामुळेच या बंदरावर जगाचा विश्वास होता. हा राजा मुसलमान नव्हता; परंतु परक्याची अमानत राखण्याचे तत्त्व त्याने पाळले, आणि आपल्या दूताने ते न चुकता लिहून ठेवले. चांगुलपणा जेथे दिसेल तेथे त्याची साक्ष देणे हीसुद्धा अमानतच आहे.

यापुढे त्या मूळ प्रश्नाशी आपण येतो. त्यांचे पहिले पाऊल योग्यच होते. लहान जहाज कोल्लमला थांबेल या आशेने ते तेथे गेले. जहाज आले नाही. परंतु मोठ्या संकटातून वाचलेले चिनी दूत तेथे येऊन पोहोचले. चिनी व्यापाऱ्यांनी त्यांना कपडे दिले आणि ते मायदेशी परतले. इब्न बतूता यांच्यापुढे दोन मार्ग होते. दिल्लीला जाऊन घडले ते सांगावे, किंवा न जावे. त्यांनी जाण्याचा विचार केला, मग त्यांना सुलतानाची भीती वाटली. भेटी सोडून तू किनाऱ्यावर का राहिलास, या प्रश्नाला आपल्यापाशी उत्तर नाही, असे त्यांना वाटले. ते होनावरच्या सुलतान जमालुद्दीन यांच्या आश्रयास गेले. तेथे मशिदीत बसून रोज एक, पुढे रोज दोन कुरआन-खतम करीत राहिले. मनातील अस्वस्थता ते अशा प्रकारे शमवत असावेत, असे वाटल्यावाचून राहत नाही.

पुढील प्रवास आपणांस थोडक्यात सांगतो. ते मालदीव बेटांवर गेले, तेथे सुमारे दीड वर्ष राहिले व काझीही झाले. श्रीलंका, मदुरेचा प्रदेश, बंगाल, सिल्हेटचे शेख जलाल, सुमात्रा अशी वळणे घेत, १३४५-४६ च्या सुमारास, ते चीनच्या जैतून बंदरात, म्हणजे आजच्या क्वानचौ येथे उतरले. आणि अल्लाहची करणी पाहा: पहिल्याच दिवशी त्यांना तोच चिनी दूत भेटला, जो दिल्लीस भेटी घेऊन आला होता व जहाज फुटले तेव्हा त्यांच्यासोबत होता. त्याने सलाम केला, तेथील दिवाणाला त्यांची ओळख करून दिली आणि त्यांना उत्तम निवास मिळवून दिला. दिल्लीचे पत्र व भेटी समुद्रतळी होत्या, तरी दूताची ओळख जिवंत होती.

चीनमध्ये त्यांनी मुसलमानांच्या स्वतंत्र वस्त्या, मशिदी व काझी पाहिले. कागदी चलन पाहिले. सराईत उतरणाऱ्या प्रत्येक प्रवाशाचे नाव रात्री नोंदवून सकाळी पडताळण्याची पद्धत पाहिली आणि परक्या प्रवाशाला यापेक्षा सुरक्षित देश नाही, असे त्यांचे मत झाले. तरीही त्यांचे मन तेथे रमले नाही. आपण राजधानीपर्यंत गेलो, पण बादशहा तेथे नव्हता, असे त्यांचे कथन आहे; मात्र उत्तर चीनच्या या भागाविषयी अभ्यासकांना शंका आहेत. काहीही असो, सुलतानाचे उत्तर त्यांच्या हातून बादशहाच्या हाती पडले नाही, हे निश्चित.

परतीच्या वाटेवर १३४७ मध्ये ते पुन्हा कालिकतला आले. दिल्लीला जाण्याचा विचार पुन्हा मनात आला. पुन्हा तीच भीती आडवी आली आणि ते अरबस्तानच्या जहाजात बसले. दमास्कसमध्ये त्यांना कळले की, वडील पंधरा वर्षांपूर्वीच वारले आहेत. १३४८ ची प्लेगची महामारी त्यांनी डोळ्यांनी पाहिली, पुन्हा हज केला आणि १३४९ च्या अखेरीस फास शहर गाठले. घरी पोहोचण्याच्या काही महिने आधी त्याच प्लेगने त्यांची आई गेली होती. त्यानंतर अंदलूस व आफ्रिकेतील माली येथील सफरी झाल्या. अखेर सुलतान अबू इनान यांच्या आज्ञेने त्यांनी आपली हकिकत इब्न जुजय या विद्वान लेखकास सांगितली, आणि डिसेंबर १३५५ मध्ये त्यांचा प्रवासवृत्तांत पूर्ण झाला. उर्वरित आयुष्य त्यांनी मोरोक्कोत काझी म्हणून घालवले. हिजरी ७७० च्या सुमारास, म्हणजे १३६८-६९ मध्ये, त्यांचे निधन झाले. त्याच १३६८ मध्ये चीनमधील युआन घराण्याचे राज्य कोसळले. ज्या सुलतानाची भीती होती तो तर १३५१ मध्येच गेला होता.

आता निर्णय करू. फिकहचा नियम असा की, ज्याच्याकडे अमानत असते त्याच्या हयगयीवाचून ती नष्ट झाली, तर भरपाई त्याच्यावर लागत नाही. वादळ अल्लाहच्या हुकुमाने आले. नमाजसाठी किनाऱ्यावर थांबणे ही हयगय नव्हे. इब्न बतूता जहाजावर असते तर एक प्रेत वाढले असते, भेटी वाचल्या नसत्या. खोलीच्या सोयीसाठी स्वतःचे बिऱ्हाड अमानतीपासून वेगळ्या जहाजावर ठेवणे हे मात्र उत्तम दूताचे लक्षण नव्हे. तरीही त्यांचा खरा दोष वादळाच्या रात्रीचा नाही. तो दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो. काम बुडाल्यावर ज्याने पाठवले त्याच्यापुढे जाऊन घडले ते सांगणे, हा दूतकार्याचा शेवटचा भाग असतो आणि तो त्यांनी पुरा केला नाही.

पण न्याय करताना दुसरे पारडेही पाहावे. ज्या दरबारात एका भेटीपायी गळ्याशी मृत्यू आला होता, तेथे खरे बोलण्यास पाय उचलत नव्हते. जो हुकूमदार खरे सांगणाऱ्याला जिवंत ठेवत नाही, त्याच्याकडे खरी खबर परत येत नाही. दोषाचा मोठा वाटा त्या तख्तावर जातो. आपल्या घरातही हेच घडते. मुलाच्या हातून पैसे हरवले आणि तो घरी सांगण्यास घाबरला, तर त्या भीतीत वडिलांचा हिस्सा किती, हे वडिलांनी स्वतःला विचारावे.

आणि शेवटी, त्यांनी ती हकिकत सांगितलीच. तेरा-चौदा वर्षांनी, दुसऱ्या सुलतानापुढे, आपले कर्ज, आपली भीती, खोलीचा हट्ट, न परतणे, काहीही न लपवता सांगितले. त्या काळी अनेकांना ते खोटे वाटले. इब्न खलदून यांनी लिहिले आहे की, दरबारातील लोक या माणसाच्या हिंदविषयक गोष्टींवर अविश्वास दाखवत आणि त्यांनाही शंका आली होती. पण न पाहिलेली गोष्ट केवळ न पाहिल्यामुळे नाकारू नये, अशी समज एका वजिराने त्यांना दिली. पुढे १४०५ पासून चीनच्या नव्या घराण्याचा मुसलमान सेनानी झंग ह, ज्याचे वडील हाजी होते, प्रचंड ताफा घेऊन त्याच कालिकतला येऊ लागला. समुद्राने तोडलेला धागा दुसऱ्या हातांनी जोडला गेला.

वाचकहो, आपल्या कोकणातून, मराठवाड्यातून, खानदेशातून किती तरुण आज दूरदेशी नोकरीस जातात. त्यांच्या खिशात कोणत्या राजाचे पत्र नसते. परंतु मालकाची किल्ली, कुटुंबाचा भरवसा आणि आपल्या समाजाची ओळख त्यांच्या हाती असते. ती अमानत सुखरूप पोहोचावी यासाठी दुआ करावी. आणि एखादे वेळी ती वाटेत बुडालीच, तर परत येऊन खरे सांगता यावे एवढी जागा आपल्या घरांत असावी. अल्लाह आपणा सर्वांना अमानत राखण्याची, खरे बोलण्याची आणि दुसऱ्याचे खरे ऐकून घेण्याची तौफीक देवो. आमीन.